५१ हजारांचं बक्षीस आणि स्प्रेची एक बाटली

मैदानाच्या कडेला पंचांच्या टेबलावर ठेवलेली ती दुखण्यावर मारायच्या स्प्रेची बाटली दिसली की आता माझं डोकं फिरतं. आमच्या देवगड-कणकवली पट्ट्यात दिवाळी सरली की दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या वाडीत रात्रीचे कबड्डीचे सामने असतात. पाणी मारून, रोलर फिरवून गुळगुळीत केलेलं मैदान, चारी बाजूंना लाइटी, डीजे, कमान, कमानीवर गल्लीपासून दिल्लीपर्यंतच्या पुढाऱ्यांचे फोटो. पहिलं बक्षीस ५१ हजार आणि कमरेएवढा उंच चषक. पाहुण्यांना शाल, श्रीफळ. आणि खेळणारं पोरगं जायबंदी झालं तर? स्प्रे. एकच बाटली, तीसुद्धा गेल्या सामन्यातली उरलेली.

माझ्या भाच्याचं जानेवारीत काय झालं ते सांगतो. वय १९. चढाईला गेला होता. बोनस घेऊन वळताना कोपऱ्यातल्याने मांडी धरली, दुसऱ्याने बाजूने धडक दिली. पाय मातीत रुतलेला आणि वरचं अंग गर्रकन फिरलं. आडवा पडून गुडघा दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "मामा, आत कायतरी तुटला. आवाज इलो माका."

हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आणि कोणी ऐकलं? कोणी नाही. दोघांनी बगलेत हात घालून त्याला उभा केला. आयोजकांतला एक धावत आला, पँट वर करून फुसफुस स्प्रे मारला. "काय एक झाला नाय, उठ रे, लचाकला नुसता." मग गावातले एक चोळणारे पुढे आले. त्यांनी पाय सरळ ओढला, खोबरेल तेल गरम करून आणवलं आणि दहा मिनिटं तो गुडघा रगडला. पोरगं दात-ओठ खात होतं, आणि सगळे त्याला शाबासकी देत होते, वाघ आहे म्हणून. वर पट्टी गुंडाळली. सामन्याची शेवटची चार मिनिटं, आम्ही दोन गुणांनी मागे. "दोनच चढाया मार." तो गेला. दुसऱ्या चढाईत त्याला कोणी हातही लावला नव्हता. नुसता वळला आणि गुडघा खालून निसटल्यासारखा कोसळला.

मी तिथेच होतो. संघ माझा, पोरगं माझ्या बहिणीचं, आणि मी थांबवलं नाही. हा राग आधी माझ्यावर आहे. पण फक्त माझ्यावर नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुढे कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारा एक दोर असतो, एसीएल म्हणतात. पाय रोवलेला असताना अंग फिरलं की तो तुटतो, आणि तुटताना पुष्कळदा 'टप्प' असा आवाज येतो. आत रक्त साचतं आणि काही तासांत गुडघा नारळासारखा सुजतो. तेव्हा करायचं काय, तर खेळ थांबवायचा, पायावर भार द्यायचा नाही, कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, हलक्या हाताने पट्टी बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं नाही, कारण त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. स्प्रे वरची कातडी गार करतो, घटकाभर दुखणं दडवतो. आतल्या तुटलेल्या दोराशी त्याचा काही संबंध नाही. दोर तुटलेला गुडघा घेऊन पुन्हा खेळायला गेलं की दोन हाडांमधली गादी चिरडते. भाच्याची ती फाटली. डॉक्टर म्हणाले, दोर बहुतेक पहिल्या पडण्यात गेला, गादी दुसऱ्या. म्हणजे पहिलं नशिबाने झालं असं म्हणू. दुसरं आम्ही केलं. चार मिनिटं आणि दोन गुणांसाठी.

आणि बर्फ म्हणाल तर मैदानापासून वीस पावलांवर कोकम सरबताची गाडी होती. तिच्या पेटीत लादीभर बर्फ होता! ज्या किनाऱ्यावर पहाटे बंदरात मासळीवर फावड्याने बर्फ ओढतात, तिथे एका पोराच्या गुडघ्यावर ठेवायला मूठभर बर्फ आणायचं चारशे माणसांत एकालाही सुचू नये? मलाही नाही सुचलं. कारण आम्हाला कोणी कधी शिकवलंच नाही. पट काढायचा कसा, साखळी करायची कशी, हे लहानपणापासून शिकवतात. पडलेल्या पोराला हात कसा लावायचा, ते नाही.

पुढचं लवकर सांगतो, कारण तेच घराघरात घडतं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून घरी नेला. पंधरा दिवस झाडपाल्याचे लेप. सूज उतरली, बहीण म्हणाली बरा झाला. अंगणातल्या पायरीवरून उतरताना परत गुडघा निसटला, तेव्हा फोंडा घाट चढून कोल्हापूर, एमआरआय, ऑपरेशन. बहिणीने बांगड्या ठेवल्या. मैदानात परतायला कमीत कमी नऊ महिने, तेही रोज व्यायाम केला तर. व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट आमच्या वाडीपासून एसटीने दीड तासावर. पोरगं पोलीस भरतीची तयारी करत होतं. १६०० मीटर धावायचं असतं तिथे. आमच्याकडची पोरं कबड्डी नुसत्या हौसेने खेळत नाहीत हो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्या आशेवर खेळतात. आणि त्या पोरांच्या पायांची किंमत आयोजकांच्या लेखी डीजेच्या एका तासाएवढीही नाही.

गुडघा तरी ऑपरेशनने जुळतो. छातीत बंद पडलं तर? ५ डिसेंबर २००४, बंगळूर, फुटबॉलच्या फेडरेशन कपची अंतिम लढत. आपल्या शेजारच्या गोव्याच्या डेंपो संघाचा ब्राझीलचा खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकाशी धडकून कोसळला आणि गेला. आणि १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन, कोणी धक्काही न देता, धावता धावता पडला. हृदय थांबलं होतं. तिथल्या तिथे छाती दाबायला सुरुवात झाली, मशीनने शॉक दिला, आणि तो माणूस आठ महिन्यांत परत फुटबॉल खेळायला उतरला. हृदय थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. शॉक मिळायला उशीर होईल तसा मिनिटामिनिटाला वाचायचा संभव शेकडा सात ते दहाने घटतो. आता सांगा, रात्री साडेबारा वाजता आडवळणाच्या वाडीत १०८ ची रुग्णवाहिका किती मिनिटांत पोचणार? ती सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, चालकाला मी दोष देत नाही. आमचे रस्ते आणि आमची अंतरं मला ठाऊक आहेत. म्हणूनच पहिली दहा मिनिटं मैदानातल्याच कोणाला तरी सांभाळता आली पाहिजेत. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. एका दुपारात शिकता येतं. आम्ही काय करतो? कांदा हुंगवतो. चप्पल हुंगवतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो, जे श्वासनळीत जाऊ शकतं. मानेवर पडलेल्याला चौघं हातापायांना धरून उचलतात, मान लोंबकळत असते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, दोनदा.

"पैसे नसतत, मामा," असं मला तोंडावर सांगतात. पैसे नसतात? मग कमान कशाची होती? एक स्ट्रेचर, मानेचा पट्टा, क्रेप बँडेज, थर्माकोलच्या पेटीत बर्फ, सगळं मिळून शेवटच्या बक्षिसापेक्षा कमीत बसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जाऊन सामन्यांची तारीख सांगून ठेवायला तर पैसाही लागत नाही. तालुक्यात चार मंडळांनी मिळून शॉकचं मशीन घेतलं तर ते वर्षानुवर्षं या मैदानातून त्या मैदानात फिरेल. आणि एक नियम करा, लिहून लावा: जायबंदी खेळाडू परत उतरणार की नाही हे त्याचा संघ ठरवणार नाही, कप्तान नाही, मामा तर नाहीच.

परवा शेजारच्या गावाची प्रवेशिका आली. यंदा पहिलं बक्षीस ७१ हजार. मी फोन करून विचारलं, प्रथमोपचाराला कोण आहे? पलीकडून उत्तर आलं, "स्प्रे हा ना, मामा." दोन पेट्या आणल्यात म्हणे यावेळी.

मी संघाचं नाव काढून घेतलं. पोरं माझ्यावर चिडली आहेत, दोघं बोलत नाहीत. नका बोलू. येत्या रविवारी आरोग्य केंद्रातले डॉक्टर आमच्या शाळेच्या पडवीत छाती दाबायला शिकवायला येणार आहेत. जो येईल तोच पुढच्या सामन्याला माझ्या संघात असेल. भाचा कुबडी घेऊन येणार आहे, सकाळी दहाला.