मॉन्टेनेग्रोला जाताय? रात्री डोंगरात काढा

मॉन्टेनेग्रो या छोट्या युरोपी देशाची तयार पॅकेजं एका साच्यातली असतात. किनाऱ्यावरच्या बुड्वाला चार-पाच रात्री, आणि मधे कुठेतरी कोंबलेली एक 'दुर्मितोर फुल डे टूर' (दुर्मितोर म्हणजे उत्तरेकडची डोंगररांग). नागपूर-इंदूरच्या माणसाला हे चालेल. पण पेडण्यापासून काणकोणपर्यंत समुद्र उशाशी असलेल्या गोंयकारानं तिकडे युरो मोजून किनाऱ्यावर का लोळावं? बुड्वाच्या आसपासचे बहुतेक किनारे बारीक गोट्यांचे, वाळू कमीच. दोन आरामखुर्च्या आणि एक छत्री यांचंही भाडं, तेही पुढच्या रांगेत जास्त. पाणी नितळ असतं हे कबूल. त्यासाठी दोन डुबक्या पुरेत. रात्री द्यायच्या त्या डोंगराला.

देश केवढा? 13,812 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पावणेचार पट. माणसं मात्र सव्वासहा लाखांच्या आसपास, आपल्या निम्मीसुद्धा नाहीत. स्थानिक नाव 'त्स्र्ना गोरा', म्हणजे काळा डोंगर. (आपल्या कानाला 'गोरा' ऐकू येतं ही गंमत. त्यातला 'त्स्र्ना' हा 'कृष्ण'चा आणि 'गोरा' हा 'गिरी'चा दूरचा भाऊ आहे. म्हणजे सरळ कृष्णगिरीच!)

आता सुट्टी कधी काढायची. इथे आपलं कॅलेंडर आडवं येतं. पोरांना दिवाळीची सुट्टी असते म्हणून लोक नोव्हेंबर धरतात, आणि तिकडच्या किनारपट्टीवर सर्वांत जास्त पाऊस नेमका नोव्हेंबरात. आपला पावसाळा आटोपला की त्यांचा सुरू होतो. कोटोरच्या खाडीवर डोंगरात त्स्र्क्वित्से नावाचं गाव आहे, तिथे वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. युरोपातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी ती एक. जुलै-ऑगस्टात सगळा युरोप मॉन्टेनेग्रोत उतरलेला, किनाऱ्याच्या एकमेव रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं. उत्तम काळ दोन: जूनचा दुसरा पंधरवडा, नाहीतर चतुर्थी आटोपून सप्टेंबरअखेरपर्यंत. शाळेमुळे मेच धरावा लागत असेल तर शेवटचा आठवडा घ्या. समुद्र थंड असेल, दुर्मितोरच्या वरच्या वाटांवर बर्फ असेल. शिखराचा नाद सोडून तळी आणि दरी बघायची.

व्हिसा हा भाग नीट वाचा, कारण फजिती इथेच होते. मॉन्टेनेग्रोत चलन युरो आहे, पण देश युरोपीय संघात नाही आणि शेंगेनमध्येही (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात) नाही. भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन, अमेरिकी किंवा ब्रिटिश व्हिसा असेल तर 30 दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाविना प्रवेश मिळतो. (नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ बघाच.) बरेच जण स्वस्त विमान बघून क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला उतरतात, कारण तिथून सीमा जवळ. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणजे सीमा ओलांडलीत की शेंगेनमधून बाहेर पडलात. परतीचं विमान दुब्रोव्हनिकहूनच असेल आणि व्हिसा 'सिंगल एंट्री' असेल, तर परत आत घेत नाहीत. अर्ज करतानाच 'मल्टिपल एंट्री' मागा आणि व्हिसाच्या कागदावर काय छापून आलंय ते घरीच वाचा. नाहीतर परतीचं विमान मॉन्टेनेग्रोतल्याच पोडगोरिका किंवा तिवातहून घ्या. घरात पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यांना हा परिच्छेद लागू नाही, त्यांनी पुढे जावं.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. चोर्ला घाटानं बेळगाव गाठणाऱ्याला हे सांगायला नको. कोटोर ते दुर्मितोरच्या पायथ्याचं झाब्ल्याक जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर, पण निक्शिच-शाव्निकमार्गे तीन-साडेतीन तास जातात. जाऊन-येऊन सात तास गाडीत बसलात तर दुर्मितोर बघणार कधी? 'फुल डे टूर'चं हेच होतं. पार्किंगमधून तळ्यापर्यंत चालायचं, फोटो काढायचा, परत.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. आपला पाय क्लचवर सरावलेला असला तरी हात दोन दिवस दाराकडेच जातो. ऑटोमॅटिक गाड्या मोजक्या असतात, आधी बुक करा. हेडलाइट दिवसाही चालू ठेवणं सक्तीचं आहे. गाडी क्रोएशिया किंवा बोस्नियात न्यायची असेल तर कंपनीला आधी सांगून तसं कागदावर घ्या, नाहीतर विमा लागू होत नाही.

मुक्काम असा पाडा: सात रात्रींपैकी तीन कोटोरच्या खाडीवर, तीन झाब्ल्याकला, शेवटची स्काडर तळ्याकाठी विरपझारला. तिथून पोडगोरिकाचा विमानतळ अर्ध्या तासावर. कोटोर गावाच्या तटबंदीच्या आत राहू नका. गाडी आत जात नाही, बॅगा दगडी गल्ल्यांतून ओढाव्या लागतात, रात्री गोंगाट. शेजारच्या दोब्रोता किंवा प्रचान्यला खोली घ्या. कोटोरमागच्या किल्ल्यावर साधारण 1,350 पायऱ्या आहेत. सकाळी सातच्या आत चढायला लागा. दहानंतर क्रूझची माणसं आणि ऊन दोन्ही एकदम येतात. खाडीला वळसा घालायचा नसेल तर कामेनारी ते लेपेताने फेरीबोट गाडीसकट पलीकडे सोडते. रायबंदर-चोडणवाल्यांना घरच्यासारखं वाटेल.

झाब्ल्याक 1,456 मीटरवर आहे. उन्हाळ्यातही रात्री जाड स्वेटर लागतो. पहिल्या दिवशी काळ्या तळ्याची प्रदक्षिणा, साडेतीन किलोमीटर, आजी-आजोबांनाही जमेल. दुसऱ्या दिवशी सेद्लो खिंडीतून दुर्मितोरचा वळसा. खिंड 1,900 मीटरच्या वर, रस्ता जागोजागी एकेरी, समोरून गाडी आली की एकानं मागे घ्यायची. पूर्ण दिवस ठेवा. बोबोतोव्ह कुक हे 2,523 मीटरचं शिखर जुलै ते सप्टेंबरमध्येच, आणि पहाटे निघून. दुपारनंतर वीज कडाडते, वर आडोसा नाही.

तारा नदीची दरी काही ठिकाणी 1,300 मीटर खोल आहे. राफ्टिंग मे-जूनमध्ये जोरदार, बर्फाचं पाणी असतं. ऑगस्टात नदी उतरते आणि होडी बरीचशी नुसती वल्हवावी लागते. बुकिंग करताना एक प्रश्न विचाराच: कॅम्प कुठल्या काठावर? खालच्या टप्प्यात पलीकडचा काठ बोस्नियाचा आहे आणि बरेच कॅम्प तिकडेच. म्हणजे पुन्हा सीमा, पुन्हा पासपोर्ट, पुन्हा व्हिसाची अट.

जेवणाचं बोलायचं तर किनाऱ्यावर मासळीचा मेनूतला भाव बहुधा ताटाचा नसतो, किलोचा असतो. मासा आधी दाखवायला आणि वजन करायला सांगा, मगच हो म्हणा. तिसवाडीच्या बाजारात घासाघीस करणारी माणसंसुद्धा तिथे बिल बघून गार होतात. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी डोंगरात काचामाक मागावं, मक्याचं पीठ, बटाटा आणि साय-चीज घोटून केलेलं, एक ताट दोघांना. 'पोस्नो' म्हणजे उपासाचं, त्यात मांस-दूध नसतं, पण मासे असू शकतात. विचारून घ्या.

आणि पोचल्यावर 24 तासांत पर्यटक म्हणून नोंदणी लागते. हॉटेल ती आपसूक करतं. खाजगी खोलीवाला कधी टाळतो, कारण नोंद झाली की कर आला. त्याच्याकडून पावती मागा, नाही दिली तर गावातल्या पर्यटन कार्यालयात जाऊन स्वतः नोंद करा. प्रत्येक मुक्कामाची पावती पासपोर्टमध्ये ठेवा, देश सोडताना सीमेवर ती मागू शकतात.