मी ट्रामच पाहिली होती: 'जुने दादरकर' यांना उत्तर

मान्यवर 'जुने दादरकर',

दादरच्या ट्राम टर्मिनसवरच्या माझ्या 'टीटीची शेवटची ट्राम' या लेखावरची आपली प्रतिक्रिया परवा वाचली. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण घरातून सल्ला मिळाला की रागात लिहू नका, दोन दिवस जाऊ द्या. दोन दिवस गेले. राग आहे तिथेच आहे, तेव्हा आता लिहितो.

ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं: लेखात शेवटच्या ट्रामचं साल चुकलं आहे. दादर हे उपनगर नव्हेच. १९६० च्या सुमाराला आमच्या गल्लीत 'गुत्ता' असणं शक्य नाही, कारण तेव्हा दारूबंदी होती. बाबासाहेबांच्या घरापासून, म्हणजे राजगृहापासून, हाकेच्या अंतरावरच्या रस्त्याबद्दल लिहून मी त्याला 'विन्सेंट रोड' म्हणत राहतो आणि बाबासाहेबांचं नाव एकदाही घेत नाही. गुत्त्याचं वर्णन मी जत्रेसारखं केलं आहे; त्यापायी किती बायकांची भांडी गहाण पडली ते मी माझ्या आजीला विचारायला हवं होतं. आणि शेवटी, मी शब्दशः उतरवतो: 'लेखकाचं वय पाहता त्यांनी पाहिली ती ट्रॉलीबस असावी, बाकी सगळा ऐकीव माल.'

साल चुकलं, हे कबूल. मी १९६३ लिहिलं होतं. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, मंगळवारी. दुरुस्ती केली आहे. आपण ती दाखवलीत त्याबद्दल आभार. नुसतं साल दाखवून थांबला असतात तर आभार आणखी मनापासून मानले असते.

आता 'ट्रॉलीबस'. साहेब, ट्रॉलीबस मुंबईत जून १९६२ मध्ये आली आणि १९७१ साली गेली. ती धावायची गोवालिया टँक ते माझगाव डॉक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायला तिला रस्ता चुकावा लागला असता, तोही चांगला तासभर. शिवाय तिला रबरी टायर होते. वर तारा असल्या, तरी खाली रूळ नव्हते. आम्ही पोरं रुळावर खिळे ठेवायचो. ट्राम त्यावरून गेली की खिळा चपटा व्हायचा, मग पायरीच्या दगडावर घासून त्याची सुरी. कैरी कापायला ती पुरायची. त्यातल्या एका सुरीची खूण माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून आहे. टायरखाली ठेवलेल्या खिळ्याची सुरी होत नाही, टायर पंक्चर होतो. हे आपल्यासारख्या जुन्या दादरकराला मी सांगावं, याचंच नवल वाटतं.

माझा जन्म १९५६ च्या दिवाळीतला. शेवटची ट्राम गेली तेव्हा मी साडेसात वर्षांचा होतो. साडेसात वर्षांच्या पोराला काय आठवतं, असं आपण विचारता. अहो, त्याला तेवढंच आठवतं! परवा चष्मा कुठे ठेवला ते मला सांगता येत नाही, पण ड्रायव्हर उभ्याने ट्राम हाकायचा आणि टाच आपटून घंटा वाजवायचा, ते पाऊल डोळ्यांसमोर आहे. टीटीला गाडी वळवत नसत. कंडक्टर खाली उतरायचा, दोरी धरून वरचा दांडा तारेवरून सोडवायचा आणि गाडीला अर्धा फेरा घालून दुसऱ्या दिशेला लावायचा. रात्रीच्या वेळी दांडा तारेला टेकताना निळी ठिणगी पडायची. आत बाकांच्या पाठी खटाखट उलट्या केल्या जायच्या, की झालं, मागचं पुढे आणि पुढचं मागे. आम्हाला तो खटाखट आवाज फार आवडायचा. शाळेतून येताना नुसत्या पाठी उलटायला आम्ही ट्राममध्ये चढायचो आणि शिव्या खाऊन उतरायचो. हा ऐकीव माल नव्हे. ऐकीव हवा असेल तर तोही देतो: विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात आली, दुमजली १९२० मध्ये, आणि ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, सगळा कारभार महापालिकेकडे गेला. हे मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते मी लेखात 'पाहिलं' म्हणून लिहीत नाही.

निदान आजवर तरी माझ्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता.

आणि टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे लेखात मी कंसात दिलं त्यावर आपण 'हे कोणाला माहीत नाही?' असा टोमणा मारलात. माझ्या नातवाला माहीत नव्हतं. त्याला ते रेल्वेच्या टीटीशी संबंधित काहीतरी वाटायचं. चौकाचं अधिकृत नाव खोदादाद सर्कल, पण मी आजवर एकाही टॅक्सीवाल्याला 'खोदादाद सर्कल' सांगितलेलं नाही. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली तरी माणसं तिथे टर्मिनसलाच उतरतात. लेख लिहिण्यामागे एवढंच कुतूहल होतं, पण आपल्या प्रतिक्रियेत त्याचा पत्ताच नाही.

उपनगराबद्दल: कलेक्टर कचेरीच्या हिशोबाने उपनगर खाडीपलीकडे सुरू होतं, हे मलाही ठाऊक आहे. पण १८९६ च्या प्लेगनंतर सुधारणा ट्रस्ट निघाला, त्याने दादर-माटुंग्याला प्लॉट पाडले, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या, तेव्हा इथे येणारा माणूस गर्दीच्या मुंबईतून बाहेर पडूनच येत होता. त्या अर्थाने उपनगर. पुढे.

रस्त्याच्या नावाबद्दल आपण जे लिहिलंत तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन. माझ्या आईच्या तोंडी 'विन्सेंट रोड' होतं म्हणून माझ्या तोंडी आलं. त्यात कुणाचा अनादर शोधू नये. आज त्या रस्त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात, हे मी लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, हेही मान्य. पण 'एकदाही नाव घेत नाही' यातला 'एकदाही' आपण ज्या सुरात म्हटला आहे, तो सूर मला मान्य नाही.

आता गुत्ता. कायद्याची बाजू आपली बरोबर आहे आणि ती मला आपल्या आधीपासून माहीत आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला, १९५० च्या एप्रिलपासून मुंबईत पूर्ण बंदी आली, त्यानंतर सरकारमान्य गुत्ता उरला नाही. उरला तो अड्डा. ज्याला प्यायची त्याने डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पर्मिट काढायचं, आणि ज्याला डॉक्टर परवडत नाही त्याने बोळात जायचं. बंदी सैल झाल्यावर दारोदारी 'पर्मिट रूम' अशा पाट्या लागल्या, त्या आजही आहेत, कारण तो कायदा अजून जिवंत आहे. पण आमच्या चाळीत बंदीपूर्वीही गुत्ता म्हणत, बंदीनंतरही गुत्ताच म्हणत. माणसं बोलताना गॅझेट उघडून बसत नाहीत.

तो एका विधवा बाईचा होता. सगळे तिला मावशी म्हणत. दाराला गोणपाटाचा पडदा, आत दोन बाकडी, ताटात उकडलेली अंडी आणि चणे. माल फुटबॉलच्या ब्लॅडरमधून यायचा. नवटाक, पावशेर ही मापं मी पाढ्यांच्या आधी शिकलो. यात मी जत्रा केली म्हणता? मला आठवतं ते मी लिहिलं. मावशी मला एक अंडं फुकट द्यायची, हे आठवतं, म्हणून तेही लिहिलं. सहा-सात वर्षांचं पोर तिथे काय करत होतं, असा प्रश्न आपल्याला पडला नाही. भांड्यांचा पडला, आणि त्यासाठी माझ्या आजीला मध्ये ओढलंत.

आजीला विचारायची गरज नव्हती. पगाराच्या दिवशी आई मला सांगायची, 'जा, अण्णांना बोलावून आण.' मी पडद्याबाहेर उभा राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, 'ही ट्राम जाऊ दे, पुढच्या ट्रामला निघू.' अंडं खाऊन होईपर्यंत दोन-तीन ट्रामा जायच्या. घंटेवरून मोजायचो. म्हणून मला घंटा पाठ आहे, समजलं? आमचा पितळी हंडाही गेला, सावकाराकडे, आणि परत आला नाही. पण मी त्याचं भांडवल केलं नाही. लेख ट्रामवर होता. प्रत्येक लेखात प्रत्येकाच्या घरचं रडगाणं आलंच पाहिजे असा आपला नियम असेल, तर तो आपल्या लेखांत पाळावा. आपले लेख मात्र कुठे वाचायला मिळाले नाहीत.

हे शेवटचं वाक्य काढ, असं आत्ता शेजारून सांगितलं गेलं. राहू दे.

आपल्या प्रतिक्रियेत कंसात एक छोटा प्रश्न होता, तो वर सांगायचा राहिला. 'अण्णांच्या खांद्यावर बसून शेवटची ट्राम पाहिली' असं मी लिहिलं, त्यावर आपण विचारलंत: साडेसात वर्षांचा मुलगा, रात्री दहानंतरची वेळ, नक्की वडिलांच्याच खांद्यावर? आपण त्या काळी आमच्याच बाजूला राहत होतात की काय, अशी शंका मला या प्रश्नावरून आली.

रात्री दहाला ट्राम बोरीबंदरहून सुटली. दादरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती, ट्राम तर माणसांनी गच्च भरलेली. मला खालून काही दिसेना म्हणून समोरच्या खोलीतल्या काकांनी उचलून खांद्यावर घेतलं. गाडी गेली, लोक तिच्यामागे टीटीकडे धावले, रस्ता रिकामा झाला. तेवढ्यात बोळातून अण्णा आले. त्यांनी रुळांकडे पाहिलं आणि मला विचारलं, 'गेली का?' मी हो म्हटलं. 'पुढच्या ट्रामला...' एवढं म्हणून ते थांबले.

साल दुरुस्त केलं आहे, रस्त्याचं नावही पहिल्या ओळीत घालतो. खांद्याची ओळ मात्र आहे तशीच ठेवणार आहे.