कंट्रोल नेमका कोणावर?

पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना "इडलीला कंट्रोलचा तांदूळ घ्या, मस्त फुगते" म्हटलं की ते तोंडाकडे पाहत राहतात. त्यांच्याकडे ते रेशन. सरकारी पाटीवर रास्त भाव दुकान. आपल्या नागपुरात मात्र कंट्रोल. कंट्रोलचे गहू, कंट्रोलची साखर, पूर्वी कंट्रोलचं रॉकेल, अन् दुकान चालवणारा तो कंट्रोलवाला.

मला आपलाच शब्द आवडतो. रेशन म्हटलं की वाट्याला किती आलं तेवढंच कळतं. कंट्रोल म्हटलं की कोणाला तरी आवरलंय हे कळतं. अन् मुळात आवरायचं होतं व्यापाऱ्याला! दुसऱ्या महायुद्धात टंचाई आली, माल दडवला जाऊ लागला, भाव भडकले. तेव्हा सरकारनं भाव बांधले, साठ्यावर मर्यादा घातली. १९४३ मध्ये कापड आणि सुतासाठीही कंट्रोल ऑर्डर निघाली. गांधीजींचा कंट्रोलला विरोध होता, त्यानं भ्रष्टाचार वाढतो म्हणून. १९४७ च्या अखेरीस धान्यावरचे निर्बंध सैल केले, भाव चढले, अन् १९४८ मध्ये कंट्रोल परत आला. पुढे १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा.

नागपुरात अजून एक कंट्रोल होता, घरभाड्याचा. १९४९ चा सी.पी. अँड बेरारचा, म्हणजे नागपूर तेव्हा ज्यात होतं त्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचा आदेश. आपण महाराष्ट्रात आलो तरी तो चालूच राहिला, थेट २००० मध्ये नवा भाडे नियंत्रण कायदा लागू होईपर्यंत. भाडेकरूला काढायचं तर मालकानं आधी रेंट कंट्रोलरची परवानगी आणायची. घरमालक अजूनही त्या आदेशाच्या नावानं बोटं मोडतात, अन् सगळंच काही खोटं बोलत नाहीत. पण लगाम कोणाच्या तोंडात होता ते पाहा.

आता कंट्रोलच्या दुकानात जाऊन पाहा. अंगठा लावा, ई-केवायसी करा, नाव कटलं असेल तर चकरा मारा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा अंगठा भांडी घासून इतका गुळगुळीत झाला आहे की मशीन घेतच नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो, हा त्यांचा हक्क आहे. २०२३ पासून ते फुकट झालं आणि हक्काचं रूपांतर उपकारात झालं. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून "फुकटचं खाऊन खाऊन लोकं कामच करून नाही राहिले बाप्पा" म्हणणाऱ्यांच्या घरी इडलीचा तांदूळ कुठून येतो, ते विचारू नका.

बोगस कार्डं नव्हती असं मी म्हणत नाही. तपासणी हवीच. पण मग दोन्हीकडं हवी. जून २०२३ मध्ये केंद्रानं गव्हाच्या साठ्यावर मर्यादा घातली, ठोक व्यापाऱ्यांपासून मोठ्या साखळी दुकानांपर्यंत. खरा कंट्रोल तो. आपल्यापैकी किती जणांना ते आठवतं? इतवारीच्या ठोक बाजारात कोणाकडं किती माल पडून आहे, हे कंट्रोलच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर कोणी लिहीत नाही. कार्डधारकांनी केवायसी कधीपर्यंत करायची, ते मात्र तिथं खडूनं ठळक लिहिलेलं असतं.