आध्यात्मिक नेतृत्व म्हणजे प्रवचन नव्हे: एका सिस्टरताईंना उत्तर

ताई, वॉर्डातल्या आध्यात्मिक नेतृत्वावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ‘आम्हाला अध्यात्म नको, माणसं द्या. रात्री 40 खाटांना 2 सिस्टर, आणि वर सेवाभावाचं प्रवचन!’ तुमचा राग खरा आहे. सेवेचं नाव पुढे करून जादा पाळ्या फुकटात करून घेतात, हे मीही भोगलंय.

पण व्यवस्थापनाचे अभ्यासक लुई फ्राय यांनी 2003 मध्ये आध्यात्मिक नेतृत्वाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यात देवधर्माची अट नव्हती. माझ्या कामाला अर्थ आहे आणि ही माणसं मला आपलं मानतात, असं हाताखालच्यांना वाटावं, हा त्याचा गाभा. वॉर्डात ते आधी ड्युटी लिस्टमध्ये दिसतं, आणि मग वाईट रात्रीनंतर इनचार्जच्या वागण्यात.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या नाईटला एक लहान मूल गेलं. सकाळी पाळी बदलताना ओव्हर (वॉर्डाचा ताबा) घेताना इनचार्जबाईंनी एवढंच विचारलं, रजिस्टर अपुरं का? तिथे मी फार दिवस टिकले नाही. पुढच्या ठिकाणी पुन्हा असाच मृत्यू झाला, तेव्हा तिथल्या इनचार्ज सिस्टर घरी निघाल्या होत्या, त्या परत फिरल्या. माझ्याबरोबर बाळाचं अंग पुसलं, आईला खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, “जा, चहा घेऊन ये. तोवर वॉर्ड मी बघते.” पगार तेवढाच, माणसंही तितकीच कमी. तिथे मी 11 वर्षं काढली.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टरांनी अरुणा शानबाग या तिथल्याच, हल्ल्यात कायमच्या जायबंदी झालेल्या परिचारिकेला 1973 पासून 18 मे 2015 पर्यंत सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालात आहे. सुरुवातीच्या सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या. नव्या मुलींनी थोरल्यांचं बघून ते काम उचललं. आणि अरुणांवर हल्ला झाल्यावर तिथल्याच परिचारिका चांगल्या कामाच्या परिस्थितीसाठी संपावर गेल्या होत्या. ती शुश्रूषा आणि तो संप, दोन्हींत मला एकच माया दिसते.

तुमचा एक आक्षेप मात्र पूर्ण मान्य. ‘इनचार्ज चांगली असली की ताण जाणवत नाही’ हे माझं वाक्य चुकलं. ताण जाणवतोच. 40 खाटांना 2 माणसं असतील तर इनचार्जने आधी वर लेखी मागणी करायची, आणि उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला पुन्हा करायची. ते वाक्य काढून हे आजच लेखात घालते.