चौथीच्या पोराची आर्थिक साक्षरता मोजायचीय? मग हे वाचाच

पोरांना पैशातलं कितपत कळतं हे मोजायचंय ना, मग आधी एक करा, त्यांच्या हातात पैसे बिलकुल देऊ नका. पैसे दिले की ती खर्च करतात, उधारी करतात, सुट्ट्या पैशांवरून भांडतात आणि ह्यातलं काहीच ओएमआर शीटवर बसत नाही. त्यापेक्षा चार पर्याय द्या आणि गोल काळा करायला सांगा.

पिसा नावाची देशोदेशीच्या शाळकरी पोरांची चाचणी घेणारे 2012 पासून हे 15 वर्षांच्या पोरांना विचारतात. आपण नऊ वर्षांच्यालाच विचारू, लवकर सुरुवात, लवकर नापास.

प्रश्न असा टाका, "चलनवाढ म्हणजे काय?" लासलगावकडच्या पोराला उन्हाळ कांदा चाळीत ठेवायचा की आत्ताच मार्केटला न्यायचा ह्यावरून घरात झालेली भांडणं तोंडपाठ असतात, ते त्याने उत्तरात लिहिलं तर सरळ चूक द्या. नाशिकरोडची पोरं त्याहून डेंजर. तिथल्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात, एखाद्याचे आजोबा तिथूनच रिटायर झालेले, तो विचारणार, मॅडम मग जास्त छापून सगळ्यांना का नाही वाटत? (चलनवाढ इथूनच शिकवता येते, पण पोर्शन कोण संपवणार.) गप बस म्हणा.

झेडपीच्या शाळेत बाल आनंद मेळावा भरतो तिकडे तर फिरकूच नका. पोरगी भेळ विकत असते, कुरमुरे-फरसाण आईने आणून दिलेलं म्हणून सगळा गल्ला तिला नफाच वाटतो, मग शेजारच्याने भाव पाडला की ती भाव तोच ठेवून शेव वाढवते, आणि सुटायच्या वेळेला उरलेली भेळ अर्ध्या भावात उडवते. कुठं चुकली, कुठं बरोबर, सगळं तिथंच दिसतं, म्हणून तर मोजायचं नाही. साहेबांचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, झालं.

दहा वर्षांच्या पोराला बचत खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, पण पासबुक पप्पांच्या कपाटातच राहू द्या, एटीएमचा पिनही पप्पांनाच, जो त्यांनी कार्डाच्या मागे लिहून ठेवलाय.

आणि चुकूनही ही चाचणी मोठ्यांना देऊ नका. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 27 टक्के प्रौढच आर्थिक साक्षर निघाले होते, उगाच स्टाफरूममध्ये वातावरण खराब. पोरांचा निकाल तेवढा पालकांच्या मोबाईलवर लिंक करून पाठवा, ती लिंक खरी की फ्रॉड हे बघून पोरगं सांगेलच त्यांना.