भूत आणि नळाचं पाणी

भुताच्या पिक्चरला अंधार लागतो, शांतता लागते आणि भिणारी माणसं लागतात. लातुरात आमच्या घरी यातला अंधार तेवढा न मागता मिळतो.

रात्री जेवणं आटोपल्यावर पुतण्यानं लॅपटॉपवर एक इंग्रजी पिक्चर लावला. कमी खर्चातला; एक घर, एक पोरगा, एक भूत. पोरानं काहीतरी चोरलेलं, म्हणून कोर्टानं त्याला घरातच डांबलेलं. घोट्याला यंत्र. उंबरा ओलांडला की पोलिसांकडं घंटा वाजणार. म्हणजे भूतही आत आणि पोरगाही आत! मी दिवा मालवला, उशी पोटाशी धरली आणि रीतसर घाबरायला बसलो.

"पायात काय घातलंय त्याच्या?" आईनं विचारलं. सांगितलं. "म्हंजे दाव्यालाच बांधलं की रे लेकराला!"

तेवढ्यात पडद्यावरचा दिवा फडफडला आणि गेला. पोरगा किंचाळला. वहिनी शांतपणे म्हणाली, "डीपी उडाली असंल. शेजारी हाय का बग म्हणावं."

मग मध्यरात्री त्याच्या स्वयंपाकघरातला नळ आपोआप सुरू झाला. धो धो. इथं मला शहारा यायला हवा होता, पण वहिनी उठून उभीच राहिली. "अरे, बघत काय बसलास? घागर लाव की!" एप्रिल २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं (पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर), त्या गावाला वाहता नळ दाखवून घाबरवायचं असेल, तर भुतानं जरा अभ्यास करून यावं. आईच्या मते तर ते भूत नव्हतंच, कुणीतरी देवमाणूस होतं.

पण फळीवरची भांडी थरथरली आणि आई सरळ होऊन बसली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, भांड्यांचा हा आवाज तिनं ऐकलाय. "भाईर पळ की रे मुडद्या!" ती लॅपटॉपवर ओरडली. मुडदा तळघरात उतरला. "खाली कामून चाललास!" मी यंत्राचं पुन्हा समजावलं. "मग वाजू दे की घंटा. पोलीस आले तर सोबतच हुईल लेकराला."

पुढचा सगळा पिक्चर या एका वाक्यापुढं आडवा झाला. मी मुकाट्यानं उशी खाली ठेवली.

पुतण्यानं बाजू सावरायला पाहिली. "काका, असल्या पिक्चरला पैसा लागत नाही. ओरेन पेलीनं 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' स्वतःच्याच घरात काढला, १५ हजार डॉलरच्या आसपास."

"घर ह्याचंच, मग एवढे गेले कुठं?" दादा पहिल्यांदाच बोलला. आमच्या दादानं घर बांधलंय, त्यामुळं कुणाच्याही खर्चावर त्याचा विश्वास नाही.

आईची वेगळीच अडचण. हे भूत कोण, कुठलं, कशासाठी आलंय, काहीच कळेना. आपला मुंजा बरा. पिंपळावर राहतो, सोडमुंज राहिली म्हणून अडकलाय, सगळा हिशेब उघड. याचा ना पत्ता, ना मागणी. "नुस्ती भांडी वाजवायलंय," म्हणत ती झोपायला गेली.

दादा मात्र जागचा हलला नाही. पुतण्याचं बारावीचं वर्ष, नीटची तयारी, वर लातूर पॅटर्न. पोरगा 'लायब्ररीत जातो' म्हणून निघतो आणि चहाच्या टपरीवर सापडतो. दादानं पिक्चर मागं घ्यायला लावला, पोराच्या घोट्यापाशी थांबवला आणि चष्मा लावून नीट पाहिलं.

"हे ऑनलाइन मिळतं का रे?"

पुतण्यानं लॅपटॉप मिटला आणि कुणी न सांगता जीवशास्त्राचं पुस्तक काढलं.