पुन्हा तेच चार एस!

इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून अमेरिका. दर खेपेला तोच तमाशा! यांचं नाव म्हणे तिकडच्या कुठल्याशा संशयितांच्या यादीतल्या नावाशी जुळतं, म्हणून वेब चेक-इन होतच नाही. काउंटरवर ताटकळा, मग बोर्डिंग पासवर चार एस (SSSS, म्हणजे जादा झडतीची खूण), आणि गेटवर रतलामी शेवेचा पुडासुद्धा पुसून तपासणार. (शेव हो, शेव!) तोवर शेजारच्या जागा गेलेल्या. मी २३ला, हे ४१ला, पाच वर्षांची चिमी दोन अनोळखी काकांच्या मधोमध. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आईबापाजवळ बसवा, असं विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनं २०२४मध्ये सांगितलंय ना? तर म्हणे, "विमानात कुणाला तरी विनंती करा, मॅडम." यंदा रिड्रेस नंबर (नावाचा असा घोळ टाळायला अमेरिकी सरकार देतं तो) काढला, तर तो भरायचा कुठे हेच एजंटाला ठाऊक नाही!